माळ्यावरचा सिनेमा

भोरहून पश्चिमेकडे वरंधा घाटाच्या दिशेने, किंवा वेल्ह्याहून तोरण्याच्या पायथ्याकडे, पावसाळ्यात एकदा जाऊन आलेल्याला दमट हवा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही ओलसर लागतात. कपाटातल्या चपलांवर हिरवट बुरा चढतो. शाळेच्या हजेरीपटाची पाने मऊ पडतात. अशा मुलखात ऐंशी वर्षांपूर्वीचा एखादा कागद टिकून राहिला, तर ती नशिबाचीच गोष्ट म्हणायची. आज आपण अशाच एका कागदाचा विचार करणार आहोत. तो म्हणजे सिनेमाची जुनी जाहिरात, म्हणजेच पोस्टर, आणि त्याच्या कुळातली हस्तपत्रके, गाण्यांची पुस्तके व तिकिटे.

जुनी पोस्टरे जमवणे हा शहरातल्या हौशी माणसांचा उद्योग, त्याचा शाळेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दोन प्रकारचा आहे. एक म्हणजे, हे कागद इतिहासाचा पुरावा आहेत आणि कित्येकदा एकमेव पुरावा आहेत. दुसरे म्हणजे, पोस्टर खरे की खोटे हे ओळखायला आणि ते टिकवायला जे ज्ञान लागते, ते सगळे आपल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातच आहे.

चित्रपट गेला, कागद उरला

भारतात तेराशेच्या वर मूकपट तयार झाले. त्यांपैकी पूर्ण किंवा तुटक स्वरूपात आज शिल्लक आहेत ते जेमतेम तिसाच्या आसपास. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तो कसा होता हे आपल्याला कळते ते छायाचित्रांवरून, जाहिरातींवरून आणि पुस्तिकांवरून.

हे असे का झाले? त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. सेल्युलोज म्हणजे कापसाचा मुख्य घटक. त्यावर नायट्रिक आम्लाची क्रिया केली की बंदुकीच्या दारूच्या नात्यातला पदार्थ तयार होतो. तो भडकन पेट घेतो आणि जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असल्यामुळे पाण्याने किंवा वाळूने विझत नाही. न पेटतासुद्धा तो हळूहळू विघटित होतो, चिकट होतो आणि शेवटी त्याची पूड होते. १९५०च्या सुमारास नायट्रेट फिल्मचे उत्पादन थांबले. पण त्याआधीच अनेक प्रती चांदी काढण्यासाठी भंगारात गेल्या होत्या, कारण चित्र उमटते ते चांदीच्याच कणांनी. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि उरल्यासुरल्या ठेव्यातलाही मोठा भाग गेला.

वेल्हे परिसराच्या दृष्टीने एक उदाहरण पाहू. तोरणा घेऊन शिवाजी महाराजांनी स्वराज्याचे तोरण बांधले, हे आपण चौथीपासून शिकवतो. याच विषयावर कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने एक मूकपट काढला. त्याचे मूळ नाव होते ‘स्वराज्याचे तोरण’. ब्रिटिश सेन्सॉरने हरकत घेतली आणि १९३० साली तो ‘उदयकाल’ या नावाने पडद्यावर आला. शिवाजी महाराजांची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. आता विचार करा, अशा चित्रपटाच्या जाहिरातीवर कोणते नाव छापले आहे, हीच गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला केवढी मोलाची वाटेल!

आणि जाहिरातीपेक्षाही हस्तपत्रक अधिक बोलके असते. पोस्टर मुंबईत छापून गावोगाव जाई. ते दुसरीकडेही सापडू शकते. पण हस्तपत्रकावर बहुधा त्या ठिकाणच्या थिएटरचे किंवा तंबूचे नाव, खेळांच्या वेळा आणि तिकिटांचे दर असत. भोरच्या बाजारात किंवा एखाद्या जत्रेत वाटलेले असे पत्रक जगात दुसरीकडे कोठे सापडण्याची शक्यता फार कमी. ते गेले की आपल्या मुलखात सिनेमा केव्हा व कसा आला, हा पुरावाच गेला.

दगडावरचे चित्र

जुनी रंगीत पोस्टरे शिळाछापाची, म्हणजे लिथोग्राफीची. ही पद्धत आलोइस झेनेफेल्डर याने १८व्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत शोधली. तिचे तत्त्व अगदी साधे आहे. तेल आणि पाणी मिसळत नाहीत. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, मग दगड ओला करायचा. मोकळा दगड पाणी धरतो, तेलकट रेघा ते झिडकारतात. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांना चिकटते. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो.

महाराष्ट्रात ही विद्या चांगलीच रुजली होती. पुण्यातली चित्रशाळा १८७८ सालची. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला. याच छापखान्यासाठी फोटो-लिथोचे काम करणारे एक गृहस्थ म्हणजे दादासाहेब फाळके. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढणारा माणूस मुळात छपाईतला जाणकार होता, ही गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हेही आधी चित्रकार. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ या १९२४ सालच्या मूकपटाचे पोस्टर हे टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी एक मानले जाते.

अस्सल की नक्कल?

जुन्या पोस्टरांना किंमत येऊ लागली तशा त्यांच्या नकलाही बाजारात आल्या. नक्कल विकत घेणे हा गुन्हा नाही. पण नक्कल अस्सल म्हणून नोंदवली तर पुरावा खोटा ठरतो. म्हणून काही कसोट्या पाहू.

पहिली कसोटी भिंगाची. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. शिळाछापात रंगाचे कण दगडाच्या पोताप्रमाणे वेडेवाकडे दिसतात. ऑफसेट छपाईत ठरावीक अंतरावर नीट ओळीत बसलेले चार रंगांचे ठिपके दिसतात. मात्र नुसते ठिपके दिसले म्हणून नक्कल समजू नये, कारण छायाचित्रे छापण्यासाठी ठिपक्यांचे ठसे पूर्वीपासून वापरात होते. खरी खूण अक्षरांत असते. अस्सल छपाईत चित्रपटाचे नाव सलग रंगात असते. नक्कल म्हणजे जुन्या पोस्टराचा फोटो काढून छापलेली प्रत, त्यामुळे तिच्यातली अक्षरेसुद्धा ठिपक्यांत फुटलेली दिसतात.

दुसरी कसोटी बोटांची. पोस्टरे घड्या घालून पाठवली जात. घडीची रेघ डोळ्यांना दिसते पण बोटाला लागत नाही, असे असेल तर ती घडीसुद्धा छापलेलीच आहे!

तिसरी कसोटी जांभळ्या दिव्याची. दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो अतिनील दिवा अंधाऱ्या खोलीत कागदावर धरावा. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात घालतात ती चकाकी देणारी द्रव्ये साधारण १९५०पासून वापरात आली. ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. १९३६ सालचे म्हणून दाखवलेले पोस्टर या दिव्याखाली निळेशार चमकले, तर शंका घ्यायलाच हवी. उलट, चमकले नाही एवढ्यावरून ते जुने ठरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. अशा दिव्याकडे विद्यार्थ्यांना थेट पाहू देऊ नये.

चौथी कसोटी वाचनाची, आणि तीच सर्वांत मजेची. पोस्टरावर सहसा साल नसते. पण खालच्या कडेला छापखान्याचे नाव व पत्ता असतो. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिन कोड त्या दिवशी सुरू झाला. गाण्याच्या पुस्तकाची किंमत आण्यांत असेल तर ते बहुधा १ एप्रिल १९५७पूर्वीचे. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ या काळातले, कारण १ जून १९६४ पासून ‘नये’ हा शब्द गळला. ‘मुंबई राज्य’ असा उल्लेख असेल तर १ मे १९६० पूर्वीचे. जुना चित्रपट पुन्हा प्रदर्शित होताना नवी पोस्टरे छापली जात. तेव्हा चित्रपटाचे साल आणि कागदाचे साल एकच असेल असे नाही. ती पोस्टरेही खरीच, फक्त नंतरची.

कागद म्हातारा का होतो?

कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्यांचे तंतू. साखळ्या लांब असतात तोवर कागद चिवट असतो. पूर्वी कागद चिंध्यांचा असे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाचा लगदा आला आणि त्याबरोबर लिग्निन हा लाकडातला पदार्थही आला. लिग्निनवर प्रकाश व हवेची क्रिया होऊन कागद पिवळा पडतो. शाई पसरू नये म्हणून लगद्यात राळ आणि तुरटी घालत. तुरटीमुळे कागद आम्लधर्मी होतो. आम्ल, पाणी आणि उष्णता एकत्र आली की सेल्युलोजच्या साखळ्या जागोजागी तुटतात. जाहिरात म्हणजे चार आठवड्यांचे आयुष्य, म्हणून तिला कागदही स्वस्तातलाच वापरलेला असे.

आपल्या भागात यातली प्रत्येक गोष्ट भरपूर आहे. पावसाळ्यात घाटमाथ्याजवळ हवेची सापेक्ष आर्द्रता दिवसच्या दिवस संपृक्ततेच्या जवळ असते. ती ६५–७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी वाढू लागते. उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा तापतो, आणि तापमान वाढले की रासायनिक क्रियेचा वेग वाढतो. कागद ओलावा घेऊन फुगतो, सुकून आकसतो, आणि दर वर्षी घडीवर थोडा तुटतो. त्यात भर म्हणजे पोस्टर चिकटवण्याची खळ. ती पिठाची, म्हणजे कसर आणि झुरळांना आयती मेजवानी. वाळवीला तर कागदच पुरतो.

आता रंगांकडे वळू. उन्हात लावलेले पोस्टर काही महिन्यांत निळसर होते, हे सर्वांनी पाहिले असेल. पिवळे आणि किरमिजी रंग प्रकाशाने लवकर उडतात. १९३५च्या सुमारास बाजारात आलेला थॅलोसायनिन हा निळा रंग फार टिकाऊ आहे. म्हणून शेवटी तोच उरतो.

वर्गात करून पाहा

(१) वर्तमानपत्राच्या एका पानाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून आठवडाभर उन्हात ठेवा. दोन्ही भागांचा रंग ताडून पाहा. मग दोन्ही भागांतून सारख्या पट्ट्या कापून एकाच जागी मागेपुढे दुमडा आणि किती वेळा दुमडल्यावर तुटतात ते मोजा.

(२) बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी उकळून गार करा. त्यात वेगवेगळ्या कागदांचे बारीक तुकडे तासभर भिजवा आणि पीएच कागदाने मापन घ्या. नुसत्या पाण्याचेही मापन घ्या, म्हणजे तुलना करता येईल. सगळेच कागद आम्लधर्मी निघणार नाहीत. हल्ली पुष्कळसा कागद चुनखडीची पूड घालून करतात आणि तो अधिक टिकतो. हा प्रयोग जुन्या पोस्टरावर मात्र करू नये.

(३) दोन तापमापके घ्या. एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा. दोघांच्या वाचनांतला फरक जितका कमी, तितकी हवा दमट. जून ते ऑक्टोबर रोज नोंद करून आलेख काढा. पुण्याच्या एखाद्या शाळेशी तुलना केलीत तर अधिकच उत्तम.

मग करायचे काय?

आपल्याला संग्रहालय उभारायचे नाही. विद्यार्थ्यांना एवढेच सांगावे, की घरी माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या फोटोच्या मागे असा कागद सापडला तर तो फाडू नका, रद्दीत देऊ नका, आणि दुसऱ्याचा असेल तर न विचारता आणू नका. आधी त्याचे छायाचित्र घ्या. लांबी-रुंदी, छापखान्याचे नाव, किंमत, शिक्के, आणि तो कोणाकडे कसा आला, हे वहीत लिहा. आजी-आजोबांना तो खेळ कोठे पाहिला, तंबूत बसायला काय होते, तिकीट किती होते हे विचारा. अशी नोंद नसेल तर कागदाचे निम्मे मोल जाते.

कागद टिकवताना काय करू नये हे आधी लक्षात घ्यावे. चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद पुढे पिवळा होऊन कागदात उतरतो आणि निघत नाही. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ते परत उलगडता येत नाही. ओला कागद उन्हात न वाळवता सावलीत, वाऱ्यावर, दोन टीपकागदांमध्ये वाळवावा. शक्य तेवढे सपाट ठेवावे. स्वच्छ धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळून, बाहेरच्या भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात, जमिनीपासून वर ठेवावे. कडुनिंबाचा पाला टाकलात तरी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून पाहणे चुकवू नये. कसर पाल्यापेक्षा माणसाच्या लक्षाला अधिक भिते.

फार जुने किंवा दुर्मीळ काही हाती लागले, तर पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे. १९६४ साली स्थापन झालेली ही संस्था चित्रपटांबरोबरच पोस्टरे, छायाचित्रे आणि पुस्तिकाही सांभाळते. २०२२ पासून तिचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे. भोरपासून ती काही फार दूर नाही.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, घरोघरी माळे झाडले जातात आणि रद्दीवाल्याची सायकल गावात फिरते. आपल्याला गाठायचा मुहूर्त तोच. सुटीवर जाण्याआधी वर्गात एवढे एकदा सांगितले, तरी एखादा कागद वाचेल.