कोंबडीच्या खाद्यातील खनिजे : एक मागोवा

परसात चरणारी कोंबडी माती, किडे, पाला आणि ऊन यांतून खनिजांची गरज बरीचशी भागवून घेई. 1920च्या दशकात कॉडलिव्हर तेलातून ड जीवनसत्त्व मिळू लागले आणि पिल्ले हिवाळ्यातही छताखाली वाढवता येऊ लागली. मुडदूस टळावा म्हणून खाद्यात हाडांचा भुगा सढळ हाताने पडू लागला. मात्र नवेच दुखणे बळावले: घोट्याचा सांधा सुजे, कंडरा जागेवरून निसटे आणि पिल्लू लंगडे होई. या पेरोसिसचे कोडे 1936 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील विल्गस, नॉरिस आणि ह्यूझर यांनी उकलले. उणीव मँगनीजची होती. मक्यात ते मुळातच तुटपुंजे. त्यात जादा कॅल्शियम-फॉस्फरसमुळे असलेलेही अंगी लागत नव्हते. पाय बळकट व्हावेत म्हणून घातलेला भुगाच ते अधू करत होता. एका खनिजाची मात्रा दुसऱ्याकडे पाहिल्याशिवाय ठरत नाही, हे या शास्त्रातले सर्वांत मोलाचे ज्ञान इथे हाती आले.

पुढे 1957 मध्ये सेलेनियमचे आणि 1958 मध्ये जस्ताचे महत्त्व पिल्लांवरील प्रयोगांतून पुढे आले.

पिंजऱ्यातल्या लेयर कोंबड्यांनी कॅल्शियमचा प्रश्न तीव्र केला. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून खाद्यात ते साडेतीन ते चार टक्के लागते. कवच मुख्यतः रात्री, कोंबडी खात नसताना बनते, म्हणून त्यासाठी हाडांतलेही कॅल्शियम वापरले जाते. शिंपल्याचे जाड तुकडे पेषणीत टिकून हळूहळू विरघळतात आणि हाडांवरचा भार हलका करतात. बारीक पूड तेवढी टिकत नाही. इतके कॅल्शियम असलेले लेयर खाद्य वाढत्या तलंगांना फार लवकर दिले, तर मूत्रपिंडे बिघडतात.

फॉस्फरसची अडचण वेगळी. मका आणि सोयापेंडीतील सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट या संयुगात जखडलेला असतो. तो विष्ठेतून वाया जाई आणि वरून डायकॅल्शियम फॉस्फेट घालावे लागे. बुरशीपासून मिळवलेले फायटेज हे विकर तो मोकळा करते, असे 1968च्या सुमारास नेल्सन यांच्या प्रयोगांनी दाखवले. व्यापारी स्वरूपात ते 1991 मध्ये नेदरलँड्समध्ये आले. विष्ठेतील फॉस्फरसने तेथील पाणी दूषित होत होते. आता महाराष्ट्रातल्या मका-सोया खाद्यातही ते वापरले जाते. मात्र फायटेज घातल्यावर फॉस्फेटबरोबर कॅल्शियमचाही हिशेब नव्याने मांडावा लागतो, कारण जादा कॅल्शियम फायटेटशी बांधले जाऊन या विकराचे काम अडवते.