तिसऱ्या दिवशीची कळ

महाडला अक्कलदाढ काढून माणूस पोलादपूरकडच्या आपल्या वाडीवर परततो. पहिले दोन दिवस तसे बरे जातात. गाल सुजलेला असतो, तोंड पुरतं उघडत नाही, पण ठणका गोळीने आटोक्यात राहतो. तिसऱ्या दिवशी मात्र अशी कळ सुटते की जबड्यातून थेट कानात जाते आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. तोंडाला घाण वास येतो. घरात निदान लगेच ठरतं : "भात खाल्लास ना, पू धरला." मग नाक्यावरच्या मेडिकलमधून जास्त पॉवरची गोळी आणली जाते.

अशी कळ उठते तेव्हा बहुतेक वेळा पू झालेलाच नसतो. दाढ निघाल्यावर हाडात जो खड्डा राहतो, तो रक्ताच्या गुठळीने भरतो आणि तिच्या आडोशाने जखम तळापासून भरत येते. ही गुठळी निघून गेली किंवा वेळेआधी विरघळली की आतलं हाड उघडं पडतं. घोटभर पाणी, नुसती हवा लागली तरी जीव कळवळतो. दंतवैद्य याला ड्राय सॉकेट म्हणतात. साधा दात काढल्यावर हा त्रास शंभरात १ ते ५ जणांना होतो. हाडात अडकलेली खालची अक्कलदाढ काढली असेल, तर काही पाहण्यांमध्ये हे प्रमाण ३०पर्यंतही आढळलं आहे.

ओळखायची खूण सोपी आहे. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते, ते स्वाभाविक आहे. दुखणं मात्र रोज थोडं थोडं उतरत गेलं पाहिजे. उतरलेलं दुखणं दोन ते चार दिवसांनी पुन्हा उसळलं, की दाढ काढली त्या डॉक्टरांकडे परत जायचं.

"जोराची अँटिबायोटिक घेतली की बसेल"

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. उघड्या पडलेल्या हाडावर कुठलीही गोळी पांघरूण घालू शकत नाही. ड्राय सॉकेटमध्ये सहसा ताप नसतो, पू नसतो, म्हणून अँटिबायोटिकची बहुधा गरजच पडत नाही. इलाज खुर्चीत बसल्यावर दहा-पंधरा मिनिटांचा आहे. डॉक्टर सिरिंजने कोमट सलाइन सोडून खड्डा धुतात, अडकलेले अन्नाचे कण काढतात आणि औषधाची पट्टी किंवा पेस्ट आत बसवतात. तिला लवंगेचा वास येतो, कारण लवंगेतलं युजेनॉल त्यात असतं. बहुतेकांना त्याच दिवशी उतार पडतो. एक-दोन दिवसांनी पट्टी बदलावी लागते आणि आठ-दहा दिवसांत हाडावर नवं मांस धरू लागतं.

लवंगेचं नाव ऐकून कुणी घरच्या घरी लवंगतेलाचा बोळा खड्ड्यात कोंबू नये. निव्वळ तेलाने हिरडी भाजते. दाताशी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून धरल्यानेही तेच होतं. गोळी पोटातच जायला हवी. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतल्याने अक्कलदाढेनंतरचं दुखणं एकेकट्या औषधापेक्षा चांगलं दबतं, असं २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं आहे. पण अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंदही करायची नाही.

"मशेरी लावली की दुखायचं थांबतं"

मशेरीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे कितीतरी घरांत आजी, काकू, मावशी सकाळी उठल्यावर आधी मशेरीच लावतात. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासायची. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, मशेरीला मात्र कुणी तंबाखूतही धरत नाही. डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारलं, तर बाई प्रामाणिकपणे "नाही" म्हणते. प्रश्न "मशेरी लावता का?" असा असायला हवा.

तिच्याने क्षणभर बधिर वाटतं, हे खरं. पण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी पोचतं. बोटाच्या घासण्याने गुठळी हलते. नंतर जोरात थुंकलं की ती उचकटून निघते. विडी-सिगारेट ओढतानाही धूर आणि ओढ दोन्ही जखमेला लागतात. दाढ काढल्यावर निदान तीन दिवस, जमल्यास दोन आठवडे हे सगळं बंद ठेवायचं.

पहिले चोवीस तास तर पाण्याच्या चुळाही नकोत. आलेली लाळ गिळावी. ती गुलाबी दिसली तरी घाबरण्याचं कारण नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात घ्यायचं, मान हळूच कलती करायची आणि तोंड उघडून ते पडू द्यायचं.

"भाताने पू होतो"

पू जंतूंमुळे होतो, भाताचा त्यात काही हात नाही. ज्या मुलखात दोन्ही वेळचं जेवण भाताचं, तिथे भात तोडला की दुखणाईत माणूस उपाशी राहतो किंवा कडक भाकरी चावून जखम दुखावून घेतो. कोमट पेज, गुरगुट्या भात, नाचणीची आंबील हेच त्या दिवसांचं योग्य खाणं आहे. चमच्याने खावं, स्ट्रॉने ओढून काही पिऊ नये.

खड्ड्यात पांढुरका-पिवळसर थर दिसला म्हणून काडीने किंवा पिनेने खरवडणारेही आहेत. दुखणं उतरत असेल, तर तो थर भरणाऱ्या जखमेचाच असतो. त्याला हात लावायचा नाही. शेकाचंही तसंच : पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, गरम शेक त्यानंतर.

दाढ काढल्याने नजर जाते, ही भीती निराधार आहे. दृष्टीची नस वेगळी, दातांच्या नसा वेगळ्या. खरी जोखीम खालच्या अक्कलदाढेजवळून जाणाऱ्या नसेची असते. ती दुखावली तर ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर राहते. बहुतेकांची हळूहळू पूर्ववत होते, तरी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

मात्र सूज हनुवटीखाली किंवा गळ्याकडे उतरू लागली, गिळता येईना, श्वास अडकू लागला, थंडीताप भरला, तर हा ड्राय सॉकेट नव्हे. जंतू मानेत पसरत आहेत आणि त्याने जीव जाऊ शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रात्रीच महाड किंवा पोलादपूरचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं. दाब देऊनही रक्त थांबत नसेल, तरी तेच.

दाढ काढण्याचा वारही विचार करून ठरवावा. गुरुवारी काढली तर त्रासाचा तिसरा दिवस रविवारी येतो आणि दवाखाना बंद असतो. सोमवार-मंगळवार गाठावा. तातडी नसेल, तर आंबेनळी आणि वरंधचे घाट दरडींनी बंद पडतात ते दिवस टाळावेत. कशेडीपलीकडे खेडला दंत महाविद्यालय आहे, अवघड दाढेसाठी तोही पर्याय ध्यानात ठेवावा. आणि दवाखान्यातून निघण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारूनच घ्यावं : तिसऱ्या दिवशी दुखलं तर फोन कोणत्या नंबरवर करू?