उतरवलेली रेघ

डिप्लोमाला प्रोजेक्शन शिकलो ते मिनी ड्राफ्टरवर. वर एलेव्हेशन काढायचं, त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यातून 2एच पेन्सिलीने फिकट रेघा खाली उतरवायच्या आणि त्यांवर प्लॅन बसवायचा. या विद्येची शिस्तशीर मांडणी केली ती गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने, तटबंदीचे नकाशे आखता आखता. फ्रेंच लष्कराने ती बरीच वर्षं गुपित ठेवली. पुस्तक निघालं 1799 मध्ये. आम्हाला मात्र ती गुपित राहिली असती तर बरं, असं सबमिशनच्या आदल्या रात्री वाटायचं.

कागदावर एक सोय होती. रेघ खाली उतरली की तिचं वरच्या आकृतीशी नातं संपलं. एलेव्हेशन खोडून टाकलं तरी प्लॅन जागचा हलत नसे. पुढे ऑटोकॅड आलं, तरी बहुतेकांच्या हातात तो स्क्रीनवरचा ड्रॉइंग बोर्डच होता.

नातं टिकवणारी रेघ खरं तर फार जुनी. इव्हान सदरलँडने 1963 मध्ये एमआयटीत ‘स्केचपॅड’ दाखवलं. त्यात दोन रेघा समांतर ठेव म्हटलं की त्या समांतरच राहत. पण हे घन आकाराच्या पार्टपर्यंत पोचलं ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, प्रो-इंजिनिअरमधून. 1995 मध्ये सॉलिडवर्क्स आलं आणि साध्या विंडोज पीसीवरही हे काम होऊ लागलं. आधीच्या पार्टची कड नव्या स्केचमध्ये उतरवायची, याला इन्व्हेंटर ‘प्रोजेक्ट जॉमेट्री’ म्हणतं, सॉलिडवर्क्स ‘कन्व्हर्ट एंटिटीज’, फ्रीकॅड ‘एक्स्टर्नल जॉमेट्री’. मूळ कड सरकली की उतरवलेली रेघही सरकते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जादूच वाटली होती.

मग आम्ही दिसेल ती कड उतरवत सुटलो. एका गिअरबॉक्सचं कव्हर केलं होतं. बोल्टची भोकं बाहेरच्या कडेवरून, रिब भोकांवरून, ऑइल सीलची बैठक रिबवरून. कस्टमरचा निरोप आला, कास्टिंगच्या कोपऱ्याला 3 मिमीचा फिलेट, म्हणजे गोलाई, द्या. मी तो मुळाशी, पहिल्या आकारावरच दिला आणि फीचर ट्रीचं, म्हणजे पार्टच्या पायऱ्यांचं, खालचं निम्मं झाड लाल झालं. दोन भोकं तर एरर न देताच भलत्या कडेवर जाऊन बसली होती. लाल झालेलं परवडलं, निदान ते दिसतं तरी. दोन रात्री गेल्या.

दोष कुणाचा, हे कळायला वर्षं लागली. सॉफ्टवेअरच्या लेखी कडेला आपल्यासारखं नाव नसतं. ‘डावीकडची वरची कड’ हे आपण म्हणतो. त्याच्याकडे असते ती कड क्रमांक 7. मध्येच फिलेट आला की नव्या कडा जन्मतात, क्रमांक बदलतात आणि सातव्या खुर्चीवर दुसरंच कुणी बसलेलं असतं. संशोधकांनी नव्वदच्या दशकातच यावर लिहायला सुरुवात केली होती. फ्रीकॅडमध्ये या दुखण्याने सर्वांत जास्त छळलं. रिअलथंडर या टोपणनावाच्या प्रोग्रामरने आपल्या वेगळ्या आवृत्तीत त्यावर उतारा शोधला. तो मुख्य फ्रीकॅडमध्ये उतरवून 1.0 आवृत्ती बाहेर पडली नोव्हेंबर 2024 मध्ये. प्रकल्प सुरू होऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. आणि हाही उतारा पूर्ण नाही. क्वचित तिथेही कड हरवते.

आता मी इन्व्हेंटरमध्ये आपोआप कडा उतरवणारा पर्याय पहिल्याच दिवशी बंद करतो. मुख्य मापं सगळी एका मूळ स्केचमध्ये, ओरिजिनच्या प्लेनवर. पुढचे स्केच त्याच्याकडून माप घेतात, पार्टच्या अंगावरून नाही. फिलेट आणि शॅम्फर सगळ्यात शेवटी. नवी मुलं याला म्हातारपणाचा भित्रेपणा म्हणतात. असेल.

त्या कव्हरची जुनी फाइल मी जपून ठेवली आहे. नवं कुणी टीममध्ये आलं की तिच्यातला तो 3 चा फिलेट 4 करायला सांगतो आणि चहाला जातो.