एका श्वासातले दोन सूर

ट्रॉम्बोन हे वाद्य आपण सगळ्यांनी पाहिलेले असते, फक्त त्याचे नाव ठाऊक नसते. वरातीच्या बँडमध्ये एक जण लांब पितळी नळी पुढे-मागे सरकवत असतो आणि भोवतालची पोरे धक्का लागेल म्हणून मागे सरतात, तेच ते! मी बँकेच्या फोर्ट शाखेत होतो तेव्हा आमचे हेड कॅशियर गोव्याचे होते. तरुणपणी त्यांनी हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवला होता. पेटीला पट्ट्या, ट्रम्पेटला कळा, ह्याला मात्र काही नाही, असे ते सांगायचे. सूर कानाने शोधायचा आणि नळी बरोबर तिथे नेऊन थांबवायची. नोटा मोजतानाही त्यांचा उजवा हात मधूनच हवेत सरकल्यासारखा वाटे.

एका शनिवारी अर्ध्या दिवसाचे काम आटोपल्यावर त्यांनी मला घरी नेले आणि एक तबकडी लावली. दोन-तीन माणसे मिळून काही तरी गंभीर बोलत असावीत, असा तो आवाज. मी विचारले, किती जण वाजवताहेत? ते हसले. एकच माणूस होता. फ्रँकफुर्टचा अल्बर्ट मांगेल्सडॉर्फ.

फ्रँकफुर्ट म्हटले की आमच्या धंद्यातल्या लोकांना बँका आठवतात. पण याच शहरातल्या हॉख संगीत विद्यालयात 1928 साली जाझचा वर्ग सुरू झाला होता. विद्यालयीन शिक्षणात जाझला स्थान देणारा तो जगातला पहिला वर्ग मानतात. मात्यास सायबर हा हंगेरियन संगीतकार तिथे शिकवी. त्याच वर्षी, 5 सप्टेंबरला, त्याच शहरात एका पुस्तक-बांधणी करणाऱ्याच्या घरी अल्बर्ट जन्मला. तो पाच वर्षांचाही झाला नव्हता तोवर नाझी सत्तेवर आले आणि तो वर्ग बंद पडला. ज्या मुलाला पुढे हे संगीत शिकायचे होते, त्याच्यासाठी उघडलेले दार असे तो शाळेत जाण्याआधीच लागले.

नाझींच्या लेखी जाझ हे काळ्यांचे आणि ज्यूंचे, म्हणून हीन संगीत. 1938 मध्ये ड्युसेलडॉर्फला ‘अध:पतित संगीता’चे प्रदर्शनच भरवले होते. त्याच्या भित्तिपत्रकावर सॅक्सोफोन वाजवणारा काळा माणूस आणि त्याच्या छातीवर ज्यूंचा तारा. एवढे चित्र काढले की मग वेगळे काही सांगावे लागत नाही.

अल्बर्टचा थोरला भाऊ एमिल त्याच्याहून साडेतीन वर्षांनी मोठा. त्याने रेडिओ लक्झेंबर्गवर लुई आर्मस्ट्राँग ऐकला आणि तो कायमचा बिघडला! (आपल्याकडेही रेडिओ सिलोनने पुष्कळांना असेच बिघडवले, पण त्यासाठी कुणाला तुरुंगात जावे लागले नाही.) आधी अ‍ॅकॉर्डियन, मग क्लॅरिनेट. त्याच्याच वेडाची आणखी काही पोरे जमली. कार्लो बोलेंडर, होर्स्ट लिपमान अशी ती मंडळी. त्यांनी आपल्या टोळीला हॉट क्लब नाव दिले. ‘रोकोको-डीले’ नावाच्या जागेत ती वाजवत. तिकडे महायुद्ध पेटलेले, आणि ही पंधरा-वीस वर्षांची पोरे शत्रूच्या देशातली गाणी वाजवताहेत!

बारा वर्षांच्या अल्बर्टला हे संगीत थोरल्या भावाने दाखवले. आपल्याकडे थोरला भाऊ धाकट्याला सायकल शिकवतो, पहिला सिनेमा दाखवतो, तसेच हे. अल्बर्ट घरात व्हायोलिन शिकत होता, गिटारवर स्वतःच बोटे फिरवत होता. तो ऐकत राहिला.

एमिलवर गेस्टापोची नजर होतीच. 1943 मध्ये त्याला पकडले आणि वीस दिवस कोठडीत ठेवले. पुढे सैन्याचा गणवेश चढवून त्याची पूर्वेच्या आघाडीवर रवानगी झाली. तिथून तो रशियनांच्या हाती सापडला. घरी परतला तो 1949 साली.

मला या गोष्टीत नेहमी ती मधली वर्षे दिसतात. युद्ध संपले, फ्रँकफुर्टच्या जुन्या भागाचा ढिगारा झालेला, आणि गावात अमेरिकन सैन्य. ज्यांचे संगीत ऐकणे हा काल गुन्हा होता, तेच आता क्लब काढून बसले होते आणि त्यांना वादक हवे होते. अल्बर्ट तिथे गिटार वाजवू लागला. 1948 मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, त्याने ट्रॉम्बोन उचलला; फ्रँकफुर्ट ऑपेराच्या एका ट्रॉम्बोनवादकाकडे धडे घेतले. एमिल परतला तेव्हा मागे सोडलेला ऐकणारा पोरगा वाजवणारा झाला होता. ती सहा वर्षे थोरल्याच्या खात्यातून वजा झाली आणि धाकट्याच्या खात्यात जमा झाली असे म्हणावे, तर ते माझ्या जुन्या नोकरीचे बोलणे होईल. पण मला ते तसेच दिसते.

1952 मध्ये बोलेंडरने क्लाइने बोकेनहायमर रस्त्यावर एका तळघरात जाझचा अड्डा उघडला. अल्बर्टची रियाजाची शाळा म्हणजे ही तळघरे. युटा हिप या विलक्षण पियानोवादक बाईंबरोबर तो वाजवी. त्या पुढे न्यूयॉर्कला गेल्या आणि पियानो कायमचा सोडून कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागल्या. ती एक वेगळीच कथा आहे. अल्बर्ट फ्रँकफुर्टलाच राहिला. 1958 मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्ट महोत्सवात युरोपीय तरुणांच्या वाद्यवृंदातून तो वाजवून आला, आणि त्याच वर्षी फ्रँकफुर्टच्या नभोवाणीचे जाझ पथक त्याच्याकडे आले. 1961 पासून स्वतःचे पंचक.

तोवर युरोपातले वादक अमेरिकन तबकड्या ऐकून हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत. 1964 मध्ये गोएथे इन्स्टिट्यूटने या पंचकाला आशियाच्या दौऱ्यावर पाठवले. परतल्यावर निघालेल्या ‘नाऊ जाझ रामवाँग’ या तबकडीचे नाव थायलंडच्या लोकनृत्यावरून घेतलेले, आणि तिच्यात ‘पथेर पांचाली’साठी रविशंकरांनी रचलेल्या सुरावटीवर बेतलेली रचनाही आहे. सत्यजित राय यांचा अपू फ्रँकफुर्टच्या तळघरात पोचला तो असा! त्याच तबकडीत एक जुने जर्मन धार्मिक गीतही आहे. मला ते महत्त्वाचे वाटते. एकदा दुसऱ्यांचे अंगण पाहून आले की माणसाला आपल्या परसातली विहीर आठवते.

आता त्या शनिवारच्या कोड्याकडे येतो. ट्रॉम्बोन एका वेळी एकच सूर देतो. मांगेल्सडॉर्फ ट्रॉम्बोनमध्ये एक सूर वाजवी आणि त्याच वेळी गळ्यातून त्याच नळीत दुसरा सूर गाई. समजा, वाजवलेला सूर सेकंदाला 100 कंपनांचा, तो आपला षड्ज. गायलेला 150 कंपनांचा, म्हणजे पंचम. हे दोन नळीत एकमेकांत मिसळले की त्यांची बेरीज आणि वजाबाकीही ऐकू येते. वजाबाकी 50, म्हणजे खालचा षड्ज. बेरीज 250, आणि तो निघतो वरच्या सप्तकातला गंधार! कुणी न वाजवलेला, कुणी न गायलेला. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यातून स्वयंभू गंधार उमटतो हे आपल्याला ठाऊक आहे. तशाच न छेडलेल्या गंधाराला या माणसाने आपल्या एका श्वासातून बोलावले. मात्र गळ्यातला सूर केसभर हलला की सगळा डोलारा कोसळतो. दाद देताना हे विसरू नये.

1972 मध्ये म्यूनिक ऑलिम्पिकच्या निमित्ताने झालेल्या मैफलीत तो रंगमंचावर एकटा उभा राहिला. साथीला तबला नाही, पियानो नाही. त्याच सुमाराची एकल वादनाची तबकडी म्हणजे ‘ट्रॉम्बर्ड्‌स’. नावात पक्षी आले ते उगाच नाही. मांगेल्सडॉर्फ हाडाचा पक्षिनिरीक्षक होता. 1976 साली बर्लिनमध्ये जाको पास्टोरियस आणि अल्फॉन्स मुझाँ या दोन अमेरिकन तरुणांबरोबर झालेली त्याची मैफलही जरूर ऐका. आपल्यापेक्षा वीस-तेवीस वर्षांनी लहान पोरांना हा पन्नाशीकडे झुकलेला माणूस किती मोकळी जागा देतो, ते कळेल.

1995 ते 2000 या काळात बर्लिनच्या जाझ महोत्सवाची धुरा त्याच्याकडे होती. 25 जुलै 2005 रोजी तो फ्रँकफुर्टमध्येच गेला.

धाकटा आधी गेला. एमिल मागे राहिला. त्याची वाट वेगळी होती. तो तरुणपणीच्या त्या जुन्या सुरांच्या जवळपासच राहिला. फक्त क्लॅरिनेटऐवजी आता त्याच्या हाती सॅक्सोफोन होता. उतारवयात तो लोकांना जमवून त्या दिवसांविषयी बोलायचा. हॉट क्लबची पोरे, गेस्टापो, कोठडी. थोडे बोलून झाले की सॅक्सोफोन तोंडाला लावायचा, आणि मग पुन्हा बोलायचा. नव्वदी उलटल्यावरही त्याचे वाजवणे सुटले नव्हते. 21 जानेवारी 2022 रोजी तो गेला तेव्हा शहाण्णव वर्षांचा होता.