घाताचा घात वाचताच येत नाही तेव्हा

बेल्ह्यात चुलतबहिणीच्या बारावीच्या क्लाससाठी मी लेटेकमध्ये सराव-पेपर बनवला. सोमवारी बाजाराच्या गर्दीतून तिने झेरॉक्स आणल्या, तर घाताच्या घातातल्या इंग्रजी तीनचा चक्क आठ झालेला! पोरांची उत्तरं चुकली. दोष माझाच.

मूळ अक्षर १० पॉइंटचं असेल, तर लेटेक घात ७ चा आणि घाताचा घात ५ चा छापतं. समीकरणात ‘लार्ज’ लिहून काही होत नाही, नुसती वॉर्निंग येते. एकच अक्षर वाढवायला ‘स्केलबॉक्स’ आहे. पण त्याने रेघाही जाड होतात, अक्षर उपरं वाटतं. म्हणून डॉक्युमेंट सुरू व्हायच्या आधीच ‘डिक्लेअरमॅथसाइझेस’ला चार आकडे दिले: मजकूर १०, समीकरण १०, घात ८, घाताचा घात ७. आता झेरॉक्सची झेरॉक्सही वाचता येते.