पोट मिटताना

मेहकरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या जठराला मध्यरात्री छिद्र पडलं, तर मालेगाव-पातूरमार्गे अकोल्याचं सरकारी रुग्णालय शंभरेक किलोमीटरवर. तिथं पोचेपर्यंत घाण पोटभर पसरते. सर्जन पोट उघडतात, छिद्र बुजवतात, आतून धुऊन काढतात. नातेवाइकांच्या लेखी ऑपरेशन झालं. पोट शिवणं उरतं, आणि पहाटे ते बहुधा सर्वांत नवख्या डॉक्टरच्या वाट्याला येतं. वर्षभराने पोटावर फुगवटा दिसेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्या अर्ध्या तासात ठरतं.

कातडी नुसतं झाकण. ताण सोसतो तो मधोमध उभा जाणारा पांढरा, चिवट पडदा. इंग्लंडमधल्या जेन्किन्स यांनी १९७६मध्ये हिशेब मांडला: चिरेच्या चौपट धागा लागला पाहिजे. वीस सेंटिमीटरची चीर, ऐंशी सेंटिमीटर धागा. ऑपरेशननंतर आतडी फुगतात, चीर ताणून लांबते. धागा आखूड असला तर तो पडदाच कापत जातो. मग पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास पट्टी अचानक गुलाबी पाण्याने भिजते. हे आधी दिसतं ते सिस्टरला, आणि तिने लगेच हाक मारावी. आतून टाके उसवलेले असतात.

नेदरलँड्समधल्या ५६० रुग्णांच्या चाचणीत (२०१५) बारीक, जवळजवळच्या टाक्यांनी वर्षभरातला हर्निया २१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आला. पण ती ठरवून केलेली ऑपरेशनं होती. पू भरलेल्या पोटाला तेच आकडे लावायला मी धजणार नाही. दिल्लीच्या एम्समधल्या सर्जनांनी २००४मध्ये सुटे, फुलीचे टाके तपासले ते मला आपल्याकडच्या रुग्णांना जवळचे वाटतात. सलग धागा एका जागी सुटला की सगळी ओळ ढिली पडते, सुटा टाका एकटाच जातो.

काही पोटं मिटतच नाहीत. ओढून शिवली तर आतला दाब वाढतो, लघवी थांबते, श्वास अडतो. बोगोटाच्या ओस्वाल्दो बोर्राएस यांनी १९८४मध्ये सलाईनची रिकामी पिशवी कापून अशा उघड्या पोटाला शिवली. आज ती जगभर ‘बोगोटा बॅग’.

एवढं करूनही हर्निया झालाच, तर जाळी बसवावी लागते, आणि ती महाग. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. सहकाऱ्यांसह अनुभव २००३मध्ये प्रसिद्ध केले. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर चाचणी झाली, जांघेच्या हर्नियाची. २०१६मध्ये निकाल आला: स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीस तोड.

पण जंतू भरलेल्या पोटात जाळी घालायला सर्जन कचरतात. जखम भरेपर्यंत, कित्येक महिने, थांबावं लागतं. पडद्याला दोन महिन्यांत जेमतेम निम्मी ताकद येते, आणि सोयाबीनची पोती तोवर कुणी दुसऱ्याने उचलायची असतात.