गिनीपिगची शस्त्रक्रिया आणि शुश्रूषा

मूत्राशयातील खडे हा गिनीपिगमध्ये वारंवार आढळणारा आजार. हे खडे बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. लघवीत रक्त दिसते, लघवी करताना प्राणी पाठ वाकवून कळवळतो. खडा मोठा असेल तर तो औषधाने विरघळत नाही. शस्त्रक्रियाच करावी लागते.

कुत्र्या-मांजरांना भूल देण्याआधी बराच वेळ उपाशी ठेवतात. गिनीपिगला उलटी होत नाही आणि त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते, म्हणून लांबलेला उपवास त्याच्या जिवावर बेततो. शस्त्रक्रियेनंतरचा खरा धोकाही हाच. जखमेच्या वेदनेने खाणे थांबते, आतडी मंदावतात, पोटात वायू साठतो. त्यामुळे वेदनाशामक औषध, ऊब आणि हाताने भरवणे यांत हयगय चालत नाही. गवताची पूड पाण्यात कालवून, सुई काढलेल्या सिरिंजने ओठांच्या कडेने थेंबाथेंबाने द्यावी. प्रत्येक घोट गिळू द्यावा, घाईत तो श्वासनलिकेत जातो. वजन रोज ग्रॅममध्ये मोजावे. माणसाप्रमाणे गिनीपिगच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. आजारपणात त्याची गरज वाढते.

घरातले उरलेले अँटिबायोटिक मात्र कधीही देऊ नये. तोंडावाटे दिलेले अमॉक्सिसिलिन आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारते आणि गिनीपिग त्याने दगावू शकतो.